उज्जैनची प्रिंट

मागच्या रविवारी आमच्या मंडळीत एक नवे गृहस्थ आले होते. इंजिनियर, नुकतेच नानाखेड्याच्या कॉलनीत राहायला आलेले, सिनेमाचे पक्के वेडे. आमचा नियम त्यांना आधीच सांगितला होता. आपला सगळ्यात आवडता सिनेमा सांगायचा. दाखवायचा नाही, सांगायचा. त्यांनी नेमका कंदिलाचा सिनेमा निवडला. सांगितला मात्र झकास हो, खोटं कशाला बोलू! गावातला कंपाउंडर, त्याची बायको, शेजारच्या घरी अडलेली बाळंतीण, नदीला आलेला पूर. पलीकडच्या गावातून डॉक्टर आणायला तो होडी घेऊन जातो आणि बायको दारात कंदील टांगून रात्रभर बसते. शेवटाला येताना त्यांचा आवाज जड झाला. म्हणाले, "सकाळी डॉक्टर येतो. एकटाच. हा वाहून गेलेला असतो."

"चूक," मराठेबाई म्हणाल्या.

मराठेबाईंनी सारी हयात मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. त्यांनी 'चूक' म्हटलं की समोरचा आपोआप पाटी पुसायला लागतो. पण हे नवे होते. त्यांनी हसून खिशातून फोन काढला, बोटाने काहीतरी केलं आणि बाईंपुढे धरला. "बघा ना, इथे लिहिलंय."

"फोन चुकीचा आहे," बाई म्हणाल्या. "तो डॉक्टरच्या मागून येतो आणि चहा मागतो. पुढे बोला."

शालूवहिनी पोह्यांवर सेव भुरभुरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण बाईंच्या बशीत मूठभर सेव जास्त पडली.

त्या गृहस्थांना बिचाऱ्यांना काय माहीत! त्यांना भैयासाहेब माहीत नाहीत.

भैयासाहेब पोतनीस. शालूवहिनींचे यजमान. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात पोतनिशी करत होते, तेव्हापासून हे घराणं माळव्यात. ते स्वतः वीज मंडळात होते. पण त्यांना कोणी नोकरीबद्दल विचारलं की म्हणायचे, "नोकरी काय, करत होतो. तुम्ही सिनेमाची गोष्ट करा." मी मूळची नाशिकची. बँकेने बदली करून उज्जैनला टाकलं तेव्हा मी घरी रडून गोंधळ घातला होता. फ्रीगंजमध्ये पोतनिसांच्या शेजारचं घर भाड्याने मिळालं. पहिल्याच दिवशी सामान उतरवत असताना हे उंच, सडपातळ गृहस्थ इस्त्रीचा बुशशर्ट घालून फाटकाशी आले. "पाणी दिवसाआड येतं, भाजीवाला डावीकडचा घ्या, उजवीकडचा लुटतो," एवढं सांगून त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "तुमचा ऑल टाइम नंबर एक पिक्चर कोणता?"

मी घामाघूम, हातात पोळपाट. तरी सांगितला. ते खूश झाले. म्हणाले, "वा! तोच माझा पण."

मला केवढा आनंद! पुढच्या रविवारी माहीत पडलं (हे 'माहीत पडलं' त्यांचंच. इथली सगळी मराठी अशीच, हिंदीच्या हातात हात घालून चालते, आणि आता माझीही), की दुबेजींचा आवडता सिनेमाही त्यांचा नंबर एकच होता. दुबेजींचं टॉवर चौकाजवळ साड्यांचं दुकान आहे. मंडळी सुरू केली ती या दोघांनी. मराठेबाई नंतर आल्या तेव्हा त्यांनी साहजिकच आक्षेप घेतला. "भैयासाहेब, एक नंबर एकच असतो."

"गणितात, बाई, गणितात. इथे सगळे एक नंबर. दोन नंबरचा सिनेमा मी बघतच नाही."

मंडळी दर रविवारी सकाळी त्यांच्याच घरी भरायची. पुढच्या खोलीत आम्ही, मधलं दार उघडं, आत स्वयंपाकघरात शालूवहिनींचे पोहे. वहिनी बाहेर फारशा बसायच्या नाहीत. "मी इथूनच ऐकते हो, मला सगळं ऐकू येतं," म्हणायच्या. भैयासाहेब सांगायला लागले की खुर्ची सोडून उभे राहायचे. आगगाडीची शिट्टी तोंडाने, घोड्यांच्या टापा मांडीवर. नायिका आली की खांद्यावरचा नसलेला पदर सारखा करायचे, आणि तो इतका खरा करायचे की दुबेजी चक्क नजर खाली घ्यायचे. गाणं आलं की शब्द नाहीत. डोळे मिटून नुसतं गुणगुणायचे. मध्ये कोणी शब्द घातले तर हात वर. "नाही नाही. गाणं सांगायचं नसतं."

आणि थिएटरात गेले की चपला काढून बसायचे. मल्टिप्लेक्स असो नाहीतर जुनं पत्र्याचं टॉकीज, चपला खुर्चीखाली. मी एकदा म्हटलं, "अहो, देऊळ आहे का?" तर म्हणाले, "देवळात तरी कुठे एवढा वेळ गप्प बसतो मी?"

सांगण्यात सगळं उत्तम. भानगड फक्त शेवटाची. भैयासाहेबांच्या सिनेमात कोणीही मरायचं नाही. लढाईवर गेलेला, खाणीत गाडला गेलेला, फासावर चढायला निघालेला, असेल तो असो, शेवटी उंबऱ्याशी यायचा. अंगावर चिखल, एका पायात चप्पल नाही. आणि म्हणायचा, "चहा आहे का?" आतून बायकोचा आवाज, "केव्हाचा ठेवलाय." संपला सिनेमा.

दुबेजी पोट धरून हसायचे. "भैयासाहब, आपकी पिक्चर में मरता कोई नहीं. बस चाय पीता है!"

"मग? थकून आलेला माणूस दुसरं काय मागेल, साब?"

आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याची लहर आहे, गंमत करतात. मीही चिडवायची. "आज किती कप झाले, भैयासाहेब?"

तर असा सगळा आनंद चालला होता, आणि एका रविवारी त्यांनी कंदिलाचा सिनेमा सांगितला. त्या दिवशी गुणगुणताना त्यांचा आवाज हलला, ते मला आठवतं. पूर आला, होडी गेली, कंदील लागला. सकाळ झाली. डॉक्टर आला, आणि डॉक्टरच्या मागून भिजलेला कंपाउंडर. चहा आहे का?

"साफ खोटं!" मराठेबाई उसळल्या. हा त्यांचाही आवडता सिनेमा होता आणि त्यांनी तो पुन्हापुन्हा पाहिला होता. "भैयासाहेब, आज मी ऐकून घेणार नाही. तो बुडतो. मरतो तो! डॉक्टर येऊन त्याचा पंचा तिच्या हातात देतो, तिथेच तर सगळा सिनेमा आहे!"

आत पातेल्यात उलथनं फिरत होतं, ते थांबलं.

भैयासाहेबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कानशिलं लाल, ओठ पांढरे. त्यांनी मधल्या दाराकडे पाहिलं आणि मग घरभर ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही तेव्हा इंदूरला होता! इंदूरला ती प्रिंट लागली होती. उज्जैनला वेगळी लागली. उज्जैनच्या प्रिंटमध्ये तो वाचतो!"

असलं काही कधी असतं का! एका सिनेमाचे गावागणिक वेगळे शेवट? बाईंनी तोंड उघडलं. पण दुबेजी दुकानदार माणूस, त्यांनी भैयासाहेबांचा चेहरा बरोबर वाचला. "हां हां!" ते जोरात म्हणाले. "याद आया. उज्जैन की प्रिंट अलग थी. हम लोगों की सुखांत वाली थी. इंदौर वालों को रोने का शौक है."

बाई बघत राहिल्या. आत उलथनं पुन्हा फिरायला लागलं. पोहे आले, त्या दिवशी जरा करपलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत जाण्याआधी भैयासाहेब फाटकाशी आले. "रामघाटावर येता का जरा? आज माझ्याच्याने एकट्याने फिरणं नाही होणार." मी गेले. घाटावर पंड्यांची गडबड चालली होती, कोणाचं तरी पिंडदान चाललं होतं. आम्ही जरा लांब पायरीवर बसलो. क्षिप्रेकडे बघत ते बोलायला लागले.

लग्न झालं तेव्हा घरात आईचा कडक कारभार होता. म्युनिसिपालटीचा नळ संध्याकाळी यायचा, तासभर. तेवढ्या वेळात सोवळ्याचं पाणी वेगळं, ओवळ्याचं वेगळं, सगळं सुनेनेच भरायचं. शालूला सिनेमाचं वेड. आईने परवानगी दिली, पण अट घातली, नळाच्या वेळेला सून घरात पाहिजे. तीनचा खेळ सहानंतर सुटायचा. म्हणजे सिनेमा ऐन रंगात आला की शालू उठायची, आणि चपला हातात घेऊन अंधारात चाचपडत बाहेर.

"मी पण उठायचो हो तिच्याबरोबर. तर मला खाली बसवायची. म्हणायची, दोन्ही तिकिटं कशाला वाया घालवायची? तुम्ही पूर्ण बघा आणि मला येऊन सांगा. मग मी घरी जायचो, ती कणीक मळत असायची, मी पाटावर बसून शेवट सांगायचो. खरा सांगायचो तेव्हा. जसा असेल तसा."

मग त्यांची पहिली मुलगी झाली. छोटी म्हणायचे तिला. ती तीन महिन्यांची असतानाच गेली. शालू बोलेनाशी झाली. आईनेच शेवटी सांगितलं, हिला सिनेमाला घेऊन जा. गेले. नेहमीसारखी नळाच्या वेळेला ती उठून आली. भैयासाहेबांनी घरी येऊन शेवट सांगितला, त्यात एक लेकरू दगावायचं होतं. त्यांच्या ध्यानात आलं नाही, ते सांगून गेले. शालूने परातीतून हात काढला आणि भिंतीशी तोंड करून निजली. पुढे दोन दिवस अन्नाला शिवली नाही.

"त्यानंतरचा हा कंदिलाचा," भैयासाहेब म्हणाले. "थिएटरात शेवट बघून मी एवढा रडलो, एवढा रडलो, की डोअरकीपरने पाणी दिलं. मग रस्ताभर विचार केला. घरी जाऊन काय सांगू? दारात उभा राहिलो. चपलेचा अंगठा तुटला होता वाटेत, पावसाने भिजलो होतो. ती म्हणाली, काय झालं शेवटी? मी म्हटलं, आला तो. म्हणाली, मग? आता पुढे काय सांगावं सुचेना, मला चहा पाहिजे होता. म्हटलं, त्याने विचारलं, चहा आहे का. आणि शालू हसली हो! छोटी गेल्यावर पहिल्यांदा हसली. म्हणाली, केव्हाचा ठेवलाय."

मी पदर डोळ्यांना लावला. त्यांनी नाक पुसलं.

"मग माझी आदतच झाली. कोणाला मरू नाही दिलं मी. आई गेली, घरात टाकी आली, मोटर आली. पण टॉकिजं बंद पडत गेली आणि आमचं जाणंही सुटलं. ते जुने शेवट तसेच राहिले तिच्यापाशी. आता काय सांगू तिला? ती म्हणेल, हा माणूस मला जन्मभर खोटं सांगत आला. मग बाकीचं काय काय खोटं? माझ्यावरचा विश्वासच उडेल तिचा. या वयात विश्वास उडाला तर राहतं काय माणसाजवळ?"

मी म्हटलं, "भैयासाहेब, कोणी सांगणार नाही." आणि त्याच दिवशी दुबेजींना आणि मराठेबाईंना गाठून सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उज्जैनची प्रिंट वेगळी होती. ठीक आहे. लक्षात ठेवीन."

पण नशिबाला कुठे दम असतो! काही महिन्यांनी पेपरात आलं. जुने सिनेमे स्वच्छ करून पुन्हा दाखवतायत, नानाखेड्याकडच्या मल्टिप्लेक्सला कंदिलाचा लागतोय, दुपारचा खेळ. पेपर वाचला तो नेमका वहिनींनी. रविवारी त्या पहिल्यांदाच बाहेर येऊन आमच्यात बसल्या आणि म्हणाल्या, "मला शेवट बघायचाय. आता कुठला नळ आणि कुठलं काय. एकदा तरी पूर्ण सिनेमा बघू दे मला."

मग जी काय आमची धांदल उडाली! दुबेजी म्हणाले, तिकिटं संपली. वहिनी म्हणाल्या, पेपरात लिहिलंय, भरपूर आहेत. भैयासाहेब म्हणाले, माझे गुडघे. वहिनी म्हणाल्या, तिथे लिफ्ट आहे. मग मराठेबाई, ज्या जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या, छताकडे बघत म्हणाल्या, "तिथे... तिथे उंदीर आहेत. फार. मोठे." इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलं नाही. वहिनींनी त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही पण चला बाई, सोबत होईल."

गेलो. दुबेजींना दुकान सुटेना. आम्ही चौघं. वहिनींनी ठेवणीतली चंदेरी नेसली होती. भैयासाहेबांनी बुशशर्टला कडक इस्त्री केली होती, पण एक बटण चुकीच्या काजात. बसल्याबरोबर चपला खुर्चीखाली गेल्या.

मी काही सिनेमा पाहिला नाही, खरं सांगते. मी त्या दोघांना बघत होते. पूर आला तेव्हा भैयासाहेब पडद्याकडे बघेनासे झाले. ते मान वळवून वहिनींकडेच बघत होते, शिक्षेची वाट बघत असल्यासारखे. पूर्वी ज्या जागी वहिनी उठायच्या, ती जागा बहुतेक आली असावी, कारण त्या जराशा हलल्या. भैयासाहेबांनी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पदर सारखा करून पुन्हा टेकून बसल्या.

सकाळ झाली. डॉक्टर आला. त्याच्या मागे कोणी नव्हतं. त्याने पंचा तिच्या हातात दिला आणि तिने कंदील फुंकून विझवला.

शेजारी मराठेबाई हुंदके देत होत्या. वहिनी रडल्या नाहीत. नावं संपून दिवे लागेपर्यंत पडद्याकडे बघत बसल्या. भैयासाहेब वाकून खुर्चीखाली चपला शोधत होते, त्या सापडेनात. वहिनींनी पायाने एक एक चप्पल पुढे सरकवून त्यांच्या पायाशी आणून दिली.

बाहेर येऊन ई-रिक्षा केली. त्यात समोरासमोर बसावं लागतं. मी आणि बाई एकीकडे, ती दोघं समोर, गुडघ्याला गुडघे लागलेले. भैयासाहेब बाहेर बघत होते, डोळे भरलेले. मला इतकं वाईट वाटत होतं, की वाटलं, ओरडून सांगावं, वहिनी, रागावू नका हो यांच्यावर. बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

टॉवर चौकात गर्दीत रिक्षा अडकली. खाऊच्या गाड्या लागल्या होत्या, पोरं हॉर्न वाजवत होती. तेव्हा वहिनी आमच्याकडे वळून, भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तशा, म्हणाल्या,

"ही इंदूरची प्रिंट लावली वाटतं या लोकांनी."

बाईंनी माझा हात आणखी घट्ट धरला.

"आपल्या उज्जैनचा शेवट चांगला होता," वहिनी म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला साधा चहासुद्धा नाही पाजला मेल्यांनी." आणि त्यांनी हात पुढे करून भैयासाहेबांच्या बुशशर्टाचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं.

भैयासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनी नुसतं त्यांच्या छातीवर थोपटलं.

वहिनींना हे केव्हापासून माहीत होतं, मी कधी विचारलं नाही. आता तर विचारायचा प्रश्नच नाही. त्यानंतर लगेच मी आईच्या आजारपणासाठी नाशिकला गेले, आणि तिथेच दुबेजींचा फोन आला की भैयासाहेब झोपेत गेले. मी परत आले तेव्हा तेरावासुद्धा होऊन गेला होता. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं शेवटचं रूप राहिलं, ते त्याच संध्याकाळचं.

घर आलं. वहिनी आधी उतरल्या, कुलूप काढून आत गेल्या. भैयासाहेब पैसे देऊन सावकाश फाटकातून पायऱ्यांपर्यंत गेले. तिथे थांबले. एका पायातली चप्पल काढून त्यांनी बाजूला ठेवली, आणि एका अनवाणी पायाने उंबऱ्याशी उभे राहिले. मग घसा खाकरून, कसल्याशा भीतीने आवाज बारीक करून, त्यांनी विचारलं,

"चहा आहे का?"

घर दुपारपासून बंद होतं. गॅसही पेटला नव्हता.

"केव्हाचा ठेवलाय," आतून वहिनी म्हणाल्या.

भैयासाहेबांनी दुसरी चप्पलही काढली आणि ते आत गेले.